झेडपीची शाळा अनाथ नाही

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने दत्तक शाळा योजनेचा जीआर काढला, तेव्हापासून मी एकच भांडण परत परत ऐकतोय. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, शिक्षक संघटनेतल्या मित्राकडून ऐकलं, पुण्यात कंपनीत नोकरी करणाऱ्या चुलतभावाकडून तर दर दिवाळीला ऐकतो. एक बाजू म्हणते शाळा विकायला काढल्या, दुसरी म्हणते अरे फुकट पैसा येतोय, तुमचं काय जातंय. दोन्हीकडची माणसं ओळखीची आहेत, मनाने चांगली आहेत, आणि तरी मला वाटतं दोघंही चुकीच्या बांधावर भांडतायत. शाळा विकली जात नाहीये, जमीन-इमारत सरकारचीच राहणार आहे, तेव्हा "विकली विकली" ओरडून आपण आपलंच म्हणणं पातळ करतो. आणि तो पैसा फुकट आलेला नाही, कंपनीने दिलेलं दान तर मुळीच नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सीएसआरचा पैसा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर खर्चायचा पैसा, गावाच्या शाळेला, दवाखान्याला, पाण्याला जरूर यावा, पण देणं म्हणून यावा. देणं म्हणून आला की त्यावर देणाऱ्याची पाटी लागत नाही, कुठे खर्च करायचा हे एकटा देणारा ठरवत नाही, आणि त्याचा हिशोब गावासमोर मांडावा लागतो. या तीन गोष्टी नसतील तर मदत कितीही मोठी असो, गाव हात जोडून उभंच राहतं.

योजना काय आहे ते थोडक्यात. कंपनी, संस्था किंवा कुणीही देणगीदार सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेऊ शकतो. अ आणि ब वर्ग महापालिकेच्या हद्दीत पाच वर्षांसाठी 2 कोटी आणि दहा वर्षांसाठी 3 कोटी, क वर्ग महापालिकेत 1 आणि 2 कोटी, आणि ड वर्ग महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत इथे 50 लाख आणि 1 कोटी. रोख द्यायची नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या. आणि देणगीदाराची इच्छा असेल तर ठरलेल्या काळापुरतं त्याने सुचवलेलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं.

आता हा "दत्तक" शब्द जरा नीट बघा, कारण मराठी माणसाला तो शब्द नवा नाही. आपल्याकडे दत्तक म्हणजे काय हे घराघरात माहितीय. दत्तक विधान झालं की पोराचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि जन्मघरातला वारसा तुटतो. दत्तक गेलेल्या पोराने जन्मदात्या बापाच्या शेतात हिस्सा मागायचा नसतो. म्हणून मला हा शब्द टोचतो. कारण झेडपीच्या शाळेचा बाप जिवंत आहे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, त्याचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, म्हणजे शाळेची खोली, संडास, पाणी, शिक्षक हे सगळं द्यायची जबाबदारी सरकारच्या डोक्यावर कायद्याने आहे. मग पोर दत्तक दिलं की बाप मोकळा होतो का?

गंमत बघा, मराठी मुलखातले दोन सगळ्यात मोठे दत्तक पुत्र म्हणजे सयाजीराव गायकवाड आणि शाहू महाराज. एक नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याला दत्तक गेला, दुसरा कागलच्या घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरला. आणि सक्तीच्या मोफत शिक्षणाचं काम याच दोघांनी केलं. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात लागू केला. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दंड लावला. त्यांच्या ओळखीत काय श्रीमंत सावकार, व्यापारी नव्हते? होते की. पण शाळा चालवणं हे राज्याचं काम आहे असं मानून त्यांनी राज्याच्या खजिन्यात हात घातला. ज्यांना स्वतःला दत्तक जाणं म्हणजे काय ते माहिती होतं, त्यांनी शाळा कुणाला दत्तक दिल्या नाहीत.

आता मूळ मुद्दा, हा पैसा कुणाचा. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 म्हणतं की ज्या कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, किमान 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे सुरू झालं. पहिल्या वर्षी देशभरात साधारण 10 हजार कोटी खर्च झाले, 2022-23 पर्यंत आकडा 30 हजार कोटींच्या आसपास गेला. सुरुवातीला खर्च नाही केला तर कारण लिहून द्यायचं एवढंच होतं. 2021 पासून तेवढ्यावर भागत नाही. आता न खर्चलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या सरकारी फंडात भरावीच लागते, चालू प्रोजेक्ट असेल तर वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते, नाहीतर दंड. मला सांगा, स्वतःच्या खिशातल्या दानाबद्दल असे नियम असतात का? तुम्ही पंढरीच्या वारकऱ्यांना चहा पाजला नाही तर तहसीलदार येऊन तुमच्याकडून चहाचे पैसे वसूल करतो का? 2020 च्या कोरोनात तर केंद्राने सरळ सांगितलं की पीएम केअर्सला दिलेले पैसे सीएसआरमध्ये धरू आणि मुख्यमंत्री निधीला दिलेले धरणार नाही. त्या निर्णयाबद्दल मला राग आहे, राज्यातल्या कारखान्याचा पैसा त्याच राज्याच्या निधीत गेला तर तो का मोजायचा नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली की सरकार स्वतःच या पैशाला खाजगी मानत नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, धर्मादा. बाजारपेठेत माल घातलेल्या जुन्या शेतकऱ्यांना विक्रीच्या पट्टीवरची ओळ आठवत असेल, हमाली, तोलाई आणि त्याखाली काही पैसे धर्मादा. व्यापारी प्रत्येक व्यवहारामागे ते कापून घ्यायचा, गल्ल्यात ठेवायचा, आणि मग त्यातून धर्मशाळा, पाणपोई, गोशाळा बांधायचा. पाटीवर नाव मात्र शेठजींचं. पैसा कुणाचा होता? माल घालणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. आणि हे मी आज पहिल्यांदा म्हणत नाहीये, 1950 च्या आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात धर्मादाबद्दल खास कलम आहे, 54 वं. त्यात म्हटलंय की असा गोळा केलेला पैसा व्यापाऱ्याच्या हातात असला तरी तो त्याचा मालक नाही, विश्वस्त आहे, आणि त्याने त्याचा हिशोब धर्मादाय आयुक्ताकडे द्यायचा. किती सरळ गोष्ट आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपल्या कायद्याला जे कळलं होतं ते आज सीएसआरच्या बाबतीत आपण विसरलोय. दोन टक्के कंपनीच्या खात्यात असतात, पण कायद्याने ते समाजाच्या नावाने बाजूला काढलेत. कंपनी त्याची विश्वस्त आहे. विश्वस्ताने स्वतःचं नाव शाळेला द्यायचं नसतं.

चुलतभाऊ इथे चिडतो. तो म्हणतो हा पैसा शेअरहोल्डरचा आहे, कंपनी आधीच टॅक्स भरते, वर सीएसआरचा खर्च इन्कम टॅक्समध्ये धंद्याचा खर्च म्हणून धरताही येत नाही, म्हणजे कंपनीला दुहेरी मार, आणि मग नाव लावायचं सुख पण नको म्हणता. याच्या म्हणण्यात दम आहे, खर्च धरत नाहीत हे खरंय. पण मग दुसराही हिशोब मांडूया. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांच्या आयकराचा मूळ दर सवलती सोडायच्या अटीवर 30 वरून 22 टक्के झाला. सवलती घेणाऱ्या कंपन्या आधीही पूर्ण 30 भरत नव्हत्या हे मान्य, तरी ज्या सरळ भरत होत्या त्यांना मोठी सूट मिळाली. त्या खजिन्यातूनच शाळेच्या खोल्या होतात ना? कररूपाने येणाऱ्या पैशावर कुणाची पाटी नसते, तो बजेटमध्ये जातो, त्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो, कॅग त्याचं ऑडिट करतं. तोच पैसा कमी होऊन त्याचा छोटा भाग देणगी म्हणून परत येतो तेव्हा प्रश्न विचारायचा हक्क संपतो आणि आभार मानायचं काम सुरू होतं. याच कारणासाठी मी टॅक्सच्या बाजूचा माणूस आहे. पण सीएसआर आहे, कायद्यात आहे, तर निदान तो नीट वापरूया एवढंच म्हणतोय.

समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा मात्र टॅक्सचा नाही, गळक्या छपराचा आहे. माझी वहिनी झेडपी शाळेत शिकवते, ती मला म्हणाली, तुमची तत्त्वं ठीक आहेत भाऊजी, पण जुलैमध्ये माझ्या दोन वर्गांची पोरं एका खोलीत बसतात, त्यांना तुमच्या निबंधाने कोरडं वाटणार आहे का. मला उत्तर देता आलं नाही, कारण ती बरोबर आहे. या वर्षी दुसरीत असलेलं पोर राज्याचं बजेट सुधारेपर्यंत दुसरीत थांबत नाही. सरकारी कामात टेंडर, टक्केवारी, अर्धवट स्लॅब, हे सगळं आपण बघतो, आणि कंपनीने बांधलेली खोली बऱ्याचदा वेळेत होते, चांगली होते. म्हणून कंपनीचा पैसाच नको असं म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही. स्वतःच्या पोराला इंग्लिश मीडियमला घालून झेडपीच्या पोरासाठी तत्त्व सांभाळणं सोपं असतं.

पण मग मी जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. मी आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर दोन वर्षं होतो. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती प्रत्येक सरकारी शाळेत असते, तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका, आणि समितीने शाळा विकास आराखडा करायचा असं कायद्यात लिहिलंय. आम्ही तो केला होता. वहीत लिहिला होता. पहिलं, मुलींच्या संडासला पाण्याचं कनेक्शन. दुसरं, रस्त्याच्या बाजूची भिंत, कारण उसाच्या ट्रॉल्या शाळेला घासून जातात. तिसरं, दोन खोल्यांचे पत्रे. मग एका कंपनीचा सीएसआर आला. मोठा टीव्ही आला, कंपनीचा लोगो असलेली साठ दप्तरं आली, व्हरांड्याच्या भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवला. पोरं खूश झाली, खोटं कशाला बोलू, मलाही तो डबा आवडला. पण लाइट बिल थकलेलं, मीटर काढून नेलेला, त्यामुळे टीव्ही कव्हर घालून ऑफिसात. वही दाखवायला मी त्यांच्या मॅडमकडे गेलो. तरुण मुलगी होती, मन लावून काम करणारी, ती म्हणाली सर, आमचं या वर्षाचं खर्चाचं हेड डिजिटलचं आहे, आणि 31 मार्चच्या आत बिलं लागायला हवीत. तिचा काही दोष नव्हता. पण मुंबईतल्या ऑफिसात हेड ठरलं होतं आणि आमच्या वहीची पानं कुणी उलटलीच नव्हती. मुली पाण्यासाठी घरी जात राहिल्या, आणि सातवीतल्या दोघी महिन्यातले चार दिवस येईनाशा झाल्या. जूनमध्ये पत्रे गळले. मला सांगा, वहिनीच्या गळक्या छपराच्या नावाने जो पैसा मागितला जातो, तो छपरापर्यंत पोचणार याची हमी कुणी दिलीय?

म्हणून हा नुसता तत्त्वाचा मुद्दा नाही. देणारा ठरवतो तेव्हा दिसणाऱ्या गोष्टी आधी येतात. संडासच्या पाण्याचा फोटो निघत नाही. लाइट बिल भरल्याची कोनशिला बसत नाही. आणि देणारा जिथे राहतो तिथेच पैसा फिरतो. महाराष्ट्राला देशात सगळ्यात जास्त सीएसआर मिळतो म्हणून आपण खूश होतो, पण त्यातला मोठा वाटा मुंबई-पुणे पट्ट्यात जातो, आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव या केंद्रानेच आकांक्षित, म्हणजे विकासात मागे असलेले, ठरवलेल्या चार जिल्ह्यांकडे कमी पोचतो. कायद्यात म्हटलंय की कंपनीने आपल्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावं, आणि नंतर सरकारने खुलासा केला की ते बंधनकारक नाही. म्हणजे ज्यांच्या गावात कारखानाच नाही त्यांच्यासाठी काही नाही, आणि ज्यांच्या गावात आहे त्यांनाही खात्री नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही कंपन्यांबद्दल फारच कडू बोलताय, किर्लोस्कर विसरलात का. विसरलो नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, कामगारांची घरं, शाळा, पाणी, सगळं कारखान्याबरोबर उभं केलं, आणि ते कुठल्या दोन टक्क्यांच्या कायद्याने केलं नव्हतं. पण त्यातून मी वेगळा धडा घेतो. लक्ष्मणरावांचं मोठेपण नफ्याच्या शेवटी काढलेल्या दोन टक्क्यांत नव्हतं, धंदा कसा केला यात होतं, कामगाराला कसं वागवलं, शेतकऱ्याला कसा नांगर दिला यात होतं. ते उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं मोठेपण आहे. आणि प्रत्येक गावाच्या नशिबात लक्ष्मणराव नसतात, हा दुसरा धडा. कर्मवीर भाऊराव पाटलांना विचारा. ते स्वतः काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकायचे, मग साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा करायला त्यांनी जिवाचं रान केलं, कारण कारखान्याच्या नफ्यातला वाटा गोरगरिबांच्या शिक्षणाला मिळणार असं ठरलं होतं. कारखाना चालला, पैसा दिसायला लागला, आणि शब्द पाळला गेला नाही. भाऊराव बाहेर पडले. त्यांच्या चरित्रातली ही हकीकत मी शाळेत ऐकली तेव्हा मला फक्त कूपरांचा राग आला होता, आता वाटतं की त्यात माणसापेक्षा मोठी गोष्ट आहे. मनावर सोडलेलं देणं मन बदललं की संपतं. म्हणून मला कलम 135 हवंय, ते गेलं तर मला वाईट वाटेल.

आणि पाटीबद्दल भाऊरावांचीच दुसरी गोष्ट सांगितली जाते. साताऱ्यात 1947 मध्ये त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. पैशाची ओढाताण कायमची, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर वसतिगृहातल्या पोरांना जेवायला मिळावं म्हणून स्वतःचे दागिने मोडलेले. एक देणगीदार मोठी रक्कम घेऊन आला, अट एकच, कॉलेजला आपलं नाव द्यायचं. भाऊराव म्हणाले जन्मदात्या बापाचं नाव एकवेळ बदलेन, पण हे नाव बदलणार नाही. आज आपण 50 लाखांत पाच वर्षांसाठी नाव जोडायचं दरपत्रकच छापलं. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा कशावर उभ्या राहिल्या? गावाने दिलेल्या जागेवर, मूठ मूठ धान्यावर, पोरांनी स्वतः फोडलेल्या दगडांवर. त्या शाळेत शिकलेला माणूस म्हातारा झाला तरी "आमची शाळा" म्हणतो. पाच वर्षांनी पाटी बदलणाऱ्या शाळेला पोरांनी काय म्हणायचं?

आता जरा अवघड गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1898 मध्ये जमशेटजी टाटांनी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग विज्ञान संस्थेसाठी देऊ केला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1909 मध्ये बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. या देशावर ते उपकार आहेत, मी शंभर वेळा म्हणेन. पण पुढे बारा वर्षांनी, 1921 च्या रामनवमीला, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत मावळे शेतकरी जमिनीवर बसले. टाटांच्याच वीज कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती, त्यासाठी धरण हवं होतं, आणि इंग्रज सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा वापरून त्यांची भाताची खाचरं कंपनीला दिली. "जान किंवा जमीन" म्हणत ते लढले, पांडुरंग महादेव बापट तिथेच सेनापती बापट झाले, तुरुंगात गेले. 1924 पर्यंत लढा संपला, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. आता तुम्ही सांगा, बंगळुरूच्या संस्थेचं पुण्य मुळशीच्या खात्यावर जमा करता येतं का? मी टाटांना वाईट म्हणत नाहीये. मी म्हणतोय की ही दोन वेगळी खाती आहेत. ज्याचं शेत बुडालं त्याला दुसऱ्या कुणाला तरी मिळालेल्या शिष्यवृत्तीने भरपाई होत नाही. शहाण्या माणसांनी तेव्हाही वीज हवी, प्रगती हवी, थोडं सोसावं लागतं म्हणून मुळशीकरांना समजावलं होतं. सोसणारे मात्र समजावणाऱ्यांपैकी नव्हते.

आजही हेच चालू आहे, फक्त लहान लहान तुकड्यांत. एमआयडीसीच्या कडेकडेने जाऊन बघा. विहिरीला वास येतो म्हणून पाणी पिता येत नाही, आणि चौकात आरओ मशीनचं उद्घाटन झालेलं असतं, पाच रुपयांत कॅन. विहीर खराब कुणी केली हा प्रश्न विचारायला गेलं की सरपंच म्हणतो, अहो त्यांनी मशीन दिलंय, कशाला वाकडं घ्यायचं. इथे दान नुसतं अपुरं पडत नाही, ते तोंड बंद करायच्या कामाला येतं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि किनारा नासला तेव्हा मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं, आणि लवादाने प्रदूषण करणाऱ्यांनी भरपाई द्यायला हवी असं धरलं. त्यांनी कुणाकडे जाळी आणि होड्या वाटायची विनंती केली नाही, त्यांनी नुकसान मोजायला लावलं. सीएसआरच्या कुठल्याही कार्यक्रमाआधी मला हा एकच कागद बघायला आवडेल, की या कंपनीचं सांडपाणी कुठे जातं, कंत्राटी कामगारांचा पीएफ भरला जातो का, ज्यांची जमीन गेली त्यांना ठरलेली नोकरी मिळाली का. त्यानंतर दप्तरं वाटा.

"पण गावाच्या हातात पैसा दिला तर सरपंच आणि ठेकेदार खातील." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि त्यात खोटं काही नाही, खातात. माझ्या गावातही खाल्लेत. पण मग गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा. गोंड आदिवासींचं लहानसं गाव, "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. निर्णय सर्वसहमतीने, एकाचाही विरोध असेल तर परत बसायचं. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 मध्ये त्या ग्रामसभेने स्वतः आपला बांबू विकला. ज्या जिल्ह्यात बांबू कागद कारखान्यासाठी जायचा आणि गावाला मजुरी मिळायची, तिथे गावाने टेंडर काढलं, भाव घेतला, हिशोब ठेवला. त्यांना हे जमलं कारण पैसा त्यांच्या हक्काचा होता. दुसऱ्याने दिलेल्या पैशाची राखण कुणी करत नाही, स्वतःच्या पैशाची करतो. सरपंच खातो कारण तो पैसा गावाला आपला वाटत नाही, आणि तो आपला वाटत नाही कारण आपण त्याला कायम कुणाची तरी मेहेरबानी म्हणतो.

आणि शहरातला पैसा गावात हक्क म्हणून पोचवायचा कसा, हे या राज्याने एकदा करून दाखवलंय. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली, आणि तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला गेला. 1977 मध्ये कायदा झाला. मुंबईतल्या बँकेतला कारकून, डॉक्टर, वकील, कंपनी, सगळ्यांच्या कमाईतून थोडे थोडे कापले गेले आणि त्यातून दुष्काळी माण-खटावच्या बाईने खडी फोडून मजुरी घेतली. तुमच्या पगारपत्रकात अजून ती व्यवसाय कराची ओळ असते. त्या बांधावर, त्या पाझर तलावावर कधी कुठल्या कारकुनाची पाटी लागली? खडी फोडणाऱ्या बाईला कुणाला धन्यवाद म्हणावं लागलं? ती कामावर हजर झाली आणि काम दिलं नाही तर सरकारच तिचं देणं लागायचं, असा तो कायदा होता. त्यात भ्रष्टाचार झाला, खोटी मस्टर, म्हणजे हजेरीपत्रकं, निघाली, सगळं मान्य, पण मस्टर खोटं आहे म्हणून तहसीलवर मोर्चा नेता आला. सीएसआरच्या टीव्हीसाठी कुणी मोर्चा नेलाय?

2019 मध्ये केंद्राच्याच उच्चस्तरीय समितीने सांगितलं की सरकारी योजनांतली पैशाची भोकं बुजवायला सीएसआर वापरू नका. माझी मागणी त्यापुढे फार लांब जात नाही. "दत्तक" शब्द काढा आणि नाव जोडायची सोय काढा. शाळेचा जो आराखडा पालकांनी केलाय त्याच यादीतलं काम कंपनीने घ्यावं, वरून हेड ठरवून पाठवू नये. कंपनी गेल्यावर सहाव्या वर्षी लाइट बिल आणि दुरुस्ती कोण बघणार हे सरकारने आधी लिहून द्यावं. आणि कुठल्या गावात किती खर्च केला, कुठल्या वस्तूला किती बिल लागलं, हे त्या गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावं. वार्षिक अहवालात ते इंग्रजीत असतं, ते आमच्या गावापर्यंत येत नाही. देणगीदार मग येणार नाहीत असं म्हणतात. येतील, कारण दोन टक्के त्यांना कुठेतरी खर्च करायचेच आहेत, आणि जो फक्त पाटीसाठी येत होता तो गेला तर आपलं काय नुकसान झालं?

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत मी आमच्या शाळेची ती जुनी वही घेऊन जाणार आहे. तीन ओळींपैकी दोन अजून तशाच आहेत, एक मात्र खोडलीय, कारण मुलींच्या संडासला पाणी शेवटी चार पालकांनी मिळून पाइप टाकून आणलं. वहिनीने आणि मी ठरवलंय की उरलेल्या दोन ओळी आधी ग्रामपंचायतीला वाचून दाखवायच्या, आणि मग त्याच दोन ओळी, त्याच क्रमाने, जवळच्या कारखान्याच्या ऑफिसात नेऊन द्यायच्या. अर्जात "विनंती" हा शब्द लिहायचा की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.